आखडलेला खांदा सोडवणाऱ्या डॉक्टरबाईंस

डॉक्टरबाई,

सप्रेम नमस्कार.

चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला आवडणार नाही, म्हणून घेत नाही. आमच्या तालुक्यातल्या सरकारी इस्पितळात फिजिओथेरपीच्या बाकावर बसलेल्यांना कळेलच.

गेल्या चतुर्थीला वाड्यावरच्या आरतीत मी घुमट, म्हणजे आमचं मडक्याचं वाद्य, घेतलं नव्हतं. घुमट गळ्यात अडकवून डाव्या काखेशी धरायचं, उजव्या हाताने चामड्यावर वाजवायचं आणि डाव्या तळव्याने मागचं तोंड उघड-झाक करायचं. माझा डावा खांदाच आखडलेला. शर्टाची बाही चढवताना घाम फुटायचा, कदंबा बसमध्ये वरचा दांडा धरता येत नव्हता, रात्री त्या कुशीवर वळलं की झोप गेली. सल्ले मात्र चिक्कार. कुणी तेल सांगितलं, कुणी हात गळ्यात बांधून स्वस्थ बसा म्हणालं.

तुम्ही कोपर कमरेला लावून हात बाहेर फिरवायला सांगितलात. फिरेना. मग तुम्ही स्वतः धरून फिरवून पाहिलात, तरी तिथेच अडला. "स्नायूंतच दोष असता तर मी फिरवल्यावर फिरला असता. इथे सांध्याची पिशवीच आकसलीय." आणि लगेच विचारलंत, "काका, शुगर आहे?" आहे. मधुमेह असला की खांदा असा गोठण्याची शक्यता वाढते, हे आधी कुणीच सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी केसपेपरच्या पाठीवर तुम्ही काढलेलं चित्र मी जपून ठेवलंय. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि फऱ्याची, म्हणजे पाठीवरच्या खांद्याच्या पात्याची, खोबण उथळ. बशीवर नारळ ठेवावा तसा प्रकार. खुब्याचा सांधाही उखळीचाच, पण तिथली उखळ खोल. म्हणून खुबा सहसा निखळत नाही आणि खांद्याइतका फिरतही नाही. खांद्याचा गोळा जागेवर धरतात ते भोवतालचे चार स्नायू, अस्थिबंध (हाडाला हाड बांधणारे पट्टे) आणि ती पिशवी. पिशवीला काखेच्या बाजूला सैल चुण्या असतात, त्या उलगडतात तेव्हा हात वर जातो. माझ्या चुण्या जाड होऊन आखडल्या होत्या. हे एकदा डोळ्यांसमोर आल्यावर पुढची कळ सोसायला जड गेलं नाही, कारण काय ताणतोय ते कळत होतं.

आणि काय बारीक नजर तुमची! हात वर न्यायचा म्हणजे १८० अंश. त्यातले साधारण १२० खांद्याच्या सांध्यातून येतात, उरलेले ६० फरा पाठीवर सरकून. मी भिंतीवर बोटं चढवत खुशीत होतो, तर तुम्ही फऱ्यावर हात ठेवून म्हणालात, "खांदा झोपलाय, काका. एकटा फराच राबतोय."

पुलीवर हात ओढताना मी विचारायचो आणि तुम्ही दुसऱ्याचा गुडघा वाकवता वाकवता उत्तर द्यायचात. कवटीच्या हाडांचे सांधे मोठेपणी हलत नाहीत. मणक्यांमधल्या गाद्यांमुळे प्रत्येक मणका थोडाथोडाच हलतो, पण सगळे मिळून आपण वाकतो. तळवा उताणा-पालथा होतो तो मनगटात नव्हे, हे ऐकून मी चाटच पडलो. कोपराखालच्या दोन हाडांपैकी अंगठ्याकडचं हाड दुसऱ्याभोवती फिरतं. तुम्ही माझं बोट त्या हाडावर ठेवून हात फिरवायला लावलात, आणि खरंच ते बोटाखाली सरकलं. घुमट वाजवण्यात इतकी वर्षं गेली, पण हे कधी ध्यानात आलं नव्हतं.

एक गोष्ट मात्र मी आता सगळ्यांना सांगत सुटलोय: सांध्यातल्या कूर्चेत, म्हणजे हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत थरात, रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या वंगणातून होतं, आणि ते आत मुरायला सांधा हलावा लागतो. हात गळ्यात बांधायला सांगणाऱ्यांना हे ऐकवलं, ते गप्प झाले.

हात अजून पाठीमागे पुरता जात नाही. टॉवेलचा व्यायाम चालू आहे, रागावू नका. घुमट मात्र काखेशी बसतं.

आता एक मागणं. तुमच्या बाहेर रांग केवढी, आणि प्रत्येकाला चित्र काढून द्यायला वेळ कुठला मिळणार? भाच्याचा छापखाना आहे. ते चित्र मोठं करून, नावं मराठीत घालून बाकासमोरच्या भिंतीवर लावूया, खर्च माझा. कच्चा नमुना सोमवारी घेऊन येतो. हाडांची नावं तेवढी तपासून द्या, आणि वरच्यांची परवानगी लागत असेल तर अर्ज कुणाच्या नावे करू ते सांगा.

तुमचा,
डाव्या खांद्याचे काका