भिंतीकडे तोंड करून ऐकणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सादर नमस्कार.

वाद्य दुरुस्त होऊन हातात आले त्या दिवशी तुमचे आभार नीट मानता आले नाहीत, कारण तुम्ही ते मानूच दिले नाहीत. "घरी जाऊन निवांत वाजवा, काही वाटले तर परत या," एवढेच म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाच्या व्हायोलिनकडे वळलात. म्हणून हे पत्र उघडपणे लिहीत आहे, म्हणजे अशीच तक्रार घेऊन दुकानोदुकानी फिरणाऱ्या आणखी कोणाच्या तरी ते वाचनात येईल.

माझा अकूस्टिक बेस, म्हणजे खर्जातले सूर देणारी चार तारांची गिटार, भावगीतांच्या कार्यक्रमांत साथीला असतो. तारा जुन्या झाल्या म्हणून एका दुकानात बदलायला दिला आणि परत आला तो निराळेच वाद्य होऊन. नुसता वाजवला तर चारही तारा ठीक; अँपला जोडला की मधल्या दोन, म्हणजे ए आणि डी, दणदणीत, आणि कडेच्या ई आणि जी दबलेल्या. खर्जातली ई तार सुमारे ४१ हर्ट्झची, मुळातच कानाला मंद लागणारी. तीच क्षीण झाली की गाणाऱ्याला खालून आधार उरत नाही. ध्वनिव्यवस्था सांभाळणाऱ्या मित्राने अँपवरचे खर्ज वाढवणारे बटण फिरवून पाहिले, तर ५५ हर्ट्झची ए तार अधिकच घुमू लागली आणि ई तिच्या मागेच राहिली.

ज्या दुकानात तारा बदलल्या तिथेच मी आधी गेले. "ताई, बेस असाच वाजतो, नव्या तारा आहेत, बसतील हळूहळू," असे म्हणत त्यांनी वाद्य माझ्याकडे परत सरकवले. दुसरीकडे फॉस्फर ब्राँझच्या तारांना दोष देऊन निकेलच्या घ्यायला सांगितले. पिकअप, म्हणजे तारांचा कंप टिपून अँपकडे पाठवणारा भाग, चुंबकीय असता तर तारेच्या धातूचा प्रश्न खरोखर आला असता, पण माझ्या वाद्यात सॅडलच्या (तंबोऱ्याला घोडी तशी गिटारला सॅडल) खाली पिएझो पट्टी आहे, आणि तिला वरून येणारा दाब आणि कंप कळतो, धातू नव्हे. आणखी एका ठिकाणी तर पिकअप आणि त्याचा क्षीण संकेत वाढवणारा प्रीअँप, दोन्ही बदलण्याचा खर्चच ऐकवण्यात आला. या मंडळींच्या अज्ञानाला मी नावे ठेवत नाही. अमेरिकेतले तारांचे उत्पादक अर्नी बॉल यांचा 'अर्थवुड' हा अकूस्टिक बेस बाजारात आला तो १९७२ साली, म्हणजे आजच्या रूपातले हे वाद्य तसे तरुणच आहे. आपल्याकडे ते फारसे कोणी वाजवत नाही, तेव्हा कारागिराच्या हाताखालून ते गेलेले नसणे मी समजू शकते. पण यांपैकी एकानेही ते अँपला जोडून ऐकले नाही, हे मला अजूनही लागते. तक्रार आवाजाची होती, आणि आवाज सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलणे झाले.

तुम्ही आधी काहीच बोलला नाहीत. तारांचे पाकीट मागितले नाही, कोणी काय केले हे विचारले नाही. अँप सुरू केलात, केबल माझ्या हाती दिलीत, आणि आपले स्टूल फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलात. "कुठली तार कमी येते ते मला सांगू नका. हव्या त्या क्रमाने वाजवा, फक्त जोर सारखा ठेवा." मी तारा उलटसुलट छेडत गेले आणि तुम्ही पाठमोरे राहून "ही ठीक", "ही कमी", "ही पण कमी" असे म्हणत गेलात. तुमचे प्रत्येक "कमी" ई किंवा जी तारेवरच पडत होते. काका, तुम्हाला कल्पना नसेल, पण तोवर मी रियाजाला बसणे टाळू लागले होते. इतके जण इतक्या ठामपणे सांगत असताना आपलेच कान बिघडले असावेत असे मनाने घेतले होते, आणि साथ करणाऱ्याचा स्वतःच्या कानावरचा भरवसा उडाला की त्याचा हातही चाचरू लागतो. मी कुठल्या तारेला हात लावते हे दिसले असते तर तुमचा कौल नकळत माझ्या बाजूने झुकला असता, म्हणून तुम्ही पाहिलेच नाही. माझे म्हणणे तुम्ही पारखून घेतले, आणि पारखावे इतके ते तुम्हाला मोलाचे वाटले, यातच माझे अर्धे दुखणे गेले.

पुढच्या कामाचा सगळा तपशील मी देत बसत नाही. सॅडल बाहेर काढून तुम्ही तिच्या बुडावर पेन्सिलीच्या रेघा ओढल्या, काचेवर अंथरलेल्या पॉलिश पेपरवर ती हलकेच फिरवली आणि माझ्यापुढे धरली. मधल्या रेघा पुसल्या गेल्या होत्या, दोन्ही टोकांच्या जशाच्या तशा होत्या. तारांची उंची कमी करण्यासाठी त्या पहिल्या दुकानात कोणीतरी, मला न विचारता, सॅडलचे बूड हाताने घासले होते, आणि ते सपाट न राहता मध्ये फुगीर झाले होते. त्यामुळे मधल्या तारांचा भार पिएझो पट्टीवर पुरता उतरत होता आणि कडेच्या तारांचा अर्धामुर्धा. तुम्ही हाडाची नवी सॅडल घडवलीत, खाच झाडून साफ केलीत, आणि त्याच पिकअपवर, त्याच तारांतून, ई पुन्हा तिच्या जागी आली.

मी रागाने त्या दुकानाबद्दल बोलू लागले तेव्हा तुम्ही मला मध्येच थांबवून "घाई झाली असेल त्यांची," एवढेच म्हणालात. हुशार कारागीर मी पुष्कळ पाहिले आहेत. पण समोरच्याला अडाणी न ठरवता आणि आपल्या व्यवसायबंधूला खाली न ओढता काम करणारी माणसे थोडी असतात, आणि ती आहेत म्हणूनच आमच्यासारखे लोक निर्धास्तपणे मंचावर बसू शकतात. अशा माणसांचे नाव कार्यक्रमपत्रिकेवर कधी येत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते.

दिवाळीनंतर आमचा कार्यक्रम आहे. निमंत्रणपत्रिका घेऊन मी स्वतः येणार आहे. तुम्ही काकूंना घेऊन अवश्य या. हवे तिथे बसा, आणि चारही तारा सारख्या पोचत नसतील तर मध्यंतरात मला तसे स्पष्ट सांगा.

आपली ऋणी,
तुमच्याकडे बेस घेऊन आलेली एक वादक