परफ्यूमचा सल्ला सोलापूरचं ऊन बघून द्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या महिला पुरवणीत उन्हाळ्यातल्या परफ्यूमवर एक लेख आला होता. उन्हाळ्यात लिंबू-संत्र्याचे हलके वास मारा, चंदन व्हॅनिला असलं जड सगळं थंडीसाठी ठेवा आणि दिवसातून दोनदा शॉवर घ्या, असं त्यात होतं. शॉवरचं सोडा, आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, ते भरून ठेवायचं की अंगावर ओतायचं. पण परफ्यूमबद्दल मात्र लिहायलाच पाहिजे असं वाटलं, कारण हा सल्ला ज्या उन्हाळ्यासाठी दिलाय तो उन्हाळा सोलापूरचा नाही.

आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढं जातो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. लिंबू, संत्रं, बर्गमॉट (लिंबाच्याच जातीचं एक फळ) हे वास मुळातच सगळ्यात आधी उडणारे, त्यात अंग तापलेलं, कातडी कोरडी, म्हणजे जुळे सोलापुरातनं निघून सात रस्त्याला पोचेपर्यंत त्या हजारभर रुपयांच्या हलक्या वासाचं नावनिशाण राहत नाही. मग मागं उरतं काय, तर परफ्यूमचा तळ. चंदन, व्हॅनिला, कस्तुरीसारखे वास, पचौली नावाच्या झाडपाल्याचा मातकट वास. पहिल्या फवाऱ्याला भुलून बाटली घेतली तर दुपारभर अंगावर जे असतं ते वेगळंच निघतं. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की सोलापुरात परफ्यूम तळावरनं निवडा.

आता जड म्हणजे वाईटच असं पण नाही, कसा जड ते बघावं लागतं. मला वासांचा नाद आहे, बहीण परदेशातनं आणते, काही इथंच घेतलेले, काही मैत्रिणींच्या बाटलीतनं थोडे थोडे काढून घेतलेले (हे त्यांना माहितीये). शनेल नंबर ५ चं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. १९२१ साली एर्नेस्ट बो नावाच्या माणसानं केला, त्यात अल्डिहाइड नावाची रसायनं भरपूर घातली आणि त्यानं तो गाजला. मारल्या मारल्या नाकात काय जातं तर खळ घालून कडक इस्त्री केलेल्या सुती साडीसारखा वास, थोडा साबणाचा, थोडा टोचरा. पुष्कळ जणी इथंच नाक मुरडतात, म्हातारीचा वास म्हणतात. पण उन्हात ते टोचरेपण पटकन जातं आणि मग जाई-गुलाब वर येतात आणि शेवटी पावडरीसारखं मऊ चंदन राहतं, ते संध्याकाळपर्यंत मनगटावर सापडतं. थंडीत हाच परफ्यूम मला कोरडा वाटला, उन्हाळ्यात जास्त शोभतो. लेखातल्या नियमाच्या बरोबर उलट झालं ना हे.

गेर्लांचा शालिमार मात्र लेखातल्यासारखाच वागतो. १९२५ चा परफ्यूम, नाव मुघलांच्या शालिमार बागेवरनं घेतलेलं. वरती बर्गमॉट, खाली व्हॅनिला आणि थोडा धूर. दुपारी बारा वाजता मारून रिक्षात बसा आणि शेजारच्या बाईचा चेहरा बघा. तोच रात्री गच्चीवर पाणी मारल्यानंतर, फरशी गार झाल्यावर, अहाहा. म्युग्लरचा एंजल, १९९२ चा, तो तर उन्हाळ्यात घराबाहेर काढूच नये. त्यात जत्रेतल्या बुढ्ढीके बालचा वास देणारं रसायन आहे आणि बरोबर पचौली, म्हणजे गोड आणि मातकट दोन्ही एकदम. जानेवारीत सिद्धेश्वरच्या गड्ड्यावर, म्हणजे जत्रेत, स्वेटर घालून फिरताना मारला होता तेव्हा मात्र चार बायकांनी थांबवून कुठला म्हणून विचारलं.

रोजच्या ऑफिसला मला दिओरचा जादोर आवडतो, १९९९ चा, सगळा फुलांचा, कुणाच्या डोक्यात जात नाही. पण किंमत बघता रोज परवडणार कुणाला. टायटनचे स्किन नावाचे परफ्यूम २०१३ पासून येतात, त्यातला सेलेस्ट मी वापरते, पहिला तासभर छान, मग अंगाला नाक लावावं लागतं, तरी त्या पैशात तक्रार नाही.

आणि आपल्या हातातलं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं. रमजानमध्ये विजापूर वेशीत मीना बाजार भरतो तेव्हा अत्तरवाल्यांकडं जाऊन बघा, खस, गुलाब, मोगरा, आणि शमामा, मजमुआ ही मिश्र अत्तरं. अत्तरात स्पिरिट नसतं त्यामुळं ते एकदम भपकन अंगावर येत नाही, कानामागं काडीनं लावलं की तिथंच अंगाच्या उबेवर हळूहळू सुटत राहतं. मे महिन्यात खसला तोड नाही असं माझं स्पष्ट मत आहे. कनौजचं मिट्टी अत्तर पण मिळतं, भट्टीत भाजलेली माती देगेत, म्हणजे तांब्याच्या मोठ्या भांड्यात, उकळून तिची वाफ भपका नावाच्या दुसऱ्या भांड्यातल्या चंदनाच्या तेलात उतरवतात, सोलापूरकराला पावसाची वाट बघताना ते नक्की आवडेल. फक्त चंदन महाग झाल्यापासून पुष्कळ अत्तरं पॅराफिनच्या तेलात करतात, ती कापडाला डाग पाडतात आणि तासाभरात तेलकट वास राहतो. इरकलीच्या पदराला तर कुठलंच लावू नका, अत्तर पण नको आणि स्प्रे पण नको.

सासूबाईंचं म्हणणं, मोगऱ्याचा गजरा माळ की, कशाला ते विकतचं. खरं सांगायचं तर गजऱ्यापुढं कुठलाच टिकत नाही, पण गजरा माळून वरनं परत फुलांचा परफ्यूम मारतात ना, लग्नाच्या हॉलमध्ये, ते नका करू बायांनो. दोन्ही वास भांडतात आणि डोकं तिसऱ्याचंच दुखतं.

दुकानांबद्दल पण एक लिहिते. एका मोठ्या दुकानात गेले होते, नाव लिहीत नाही, तिथल्या मुलीनं कागदाच्या पट्टीवर मारून दिलं आणि लगेच विचारलं, मॅडम, पॅक करू? हातावर मारू दे म्हटलं तर टेस्टर संपलाय. आणि बाटल्या सगळ्या काचेच्या शोकेसमध्ये पश्चिमेच्या उन्हात मांडलेल्या. उजेडानं आणि उष्णतेनं परफ्यूम खराब होतो हे विकणाऱ्याला माहिती नको? कागद काय घाम गाळत नाही, हातावर मारून बाजारात एक चक्कर मारून यावं आणि मग ठरवावं, एवढी मुभा गिऱ्हाईकाला पाहिजेच.

लेखात गळ्यावर मारून बाहेर पडा असं पण लिहिलं होतं. बर्गमॉटच्या तेलात बर्गाप्टेन म्हणून एक घटक असतो, त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते आणि काळपट डाग राहतात. आता मोठ्या कंपन्या तो काढून टाकतात, पण सुट्ट्या तेलाचं आणि घरगुती मिश्रणाचं काय सांगावं. आमच्याकडच्या मुली स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधतात, त्या स्कार्फच्या बाहेरच्या टोकाला थोडा मारला तर कापडात जास्त वेळ राहतो आणि कातडी पण वाचते. नाकासमोर मात्र नको, दिवसभर डोकं धरेल. आणि आपल्याला स्वतःला वास येईना म्हणून परत परत मारू नका, नाकाला सवय होते, शेजारच्याला येतच असतो.

तर पुढच्या पुरवणीत परत हा विषय घेतला तर सोलापूर, पंढरपूर, अक्कलकोटच्या बायकांकडनंच मागवा, सकाळी काय मारलं आणि संध्याकाळी काय उरलं. आणि जमलं तर ठळक चौकटीत एवढं छापा की बाटली गाडीच्या डिकीत ठेवू नये. आमच्या शेजारच्या मुलीची अख्खी नवी बाटली मेमध्ये डिकीत राहून राहून व्हिनेगरसारखी झालीये.

आपली नेहमीची वाचक,
जुळे सोलापूर