जळलेलं उभं केलंत, आता उरलेलं वाचवा

माननीय संस्कृतिमंत्री,
आयर्लंड सरकार, डब्लिन

सप्रेम नमस्कार.

या पत्राची इंग्रजी प्रत तुमच्या कार्यालयाकडे पाठवली आहे. इथे ते मराठीत लिहिते आहे, कारण परदेशात सासर असलेल्या आणि तिथल्या दप्तरांत आपल्या पोरांचे पूर्वज धुंडाळणाऱ्या मराठी सुना आता काही कमी राहिलेल्या नाहीत.

मागणी आधीच सांगून टाकते. तुमच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने २०१५ मध्ये कॅथलिक पॅरिशांच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीच्या, बाप्तिस्म्याच्या आणि लग्नांच्या वह्या इंटरनेटवर सगळ्यांना मोफत खुल्या केल्या. १८८० पर्यंतच्या नोंदी, पावणेचार लाखांच्या जवळपास पानं. मोठं काम झालं, त्याबद्दल मनापासून आभार. पण ते फोटो मूळ वह्यांचे नाहीत. १९५० ते १९७० च्या दशकांत काढलेल्या कृष्णधवल मायक्रोफिल्मचे आहेत. मूळ वह्या धड आहेत तोवर त्यांचे नव्याने रंगीत फोटो काढून घ्या.

एका बाईला याचं एवढं काय पडलंय, ते सांगते.

माझे सासरे वेक्सफर्डचे. त्यांच्या पणजोबांच्या आजोबांना इंग्रजी सत्तेविरुद्धच्या १७९८ च्या बंडानंतर स्लेनी नदीवरच्या लाकडी पुलावर फाशी दिलं, असं घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. पानिपतावर पडलेला पूर्वज सांगणारी घरं आमच्याकडे जशी गावोगाव, तशी वेक्सफर्डात पुलावर लटकलेला पूर्वज सांगणारी. त्यामुळे लग्नानंतर पहिली काही वर्षं मी हे नुसतं ऐकून घेत होते. मुलीने शाळेच्या प्रकल्पासाठी विचारलं, तेव्हा कागद शोधायला बसले. सासऱ्यांना वाटलं, मला कुणाला पासपोर्ट मिळवून द्यायचाय. परदेशात जन्मलेल्याला आजी-आजोबांच्या जन्मावरून तुमचं नागरिकत्व मागता येतं, पण १७९८ च्या माणसावरून कुणाला काही मिळत नाही. आमच्याकडे वंशावळ काढायची वेळ येते ती सातबाऱ्यावर वारसाची नावं चढवताना, नाहीतर जातपडताळणीला. इथे तसलं काही नव्हतं.

पुलावर मेलेल्या बड्यांची नावं सगळ्यांना पाठ आहेत. बॅगनल हार्वी, कॉर्नेलियस ग्रोगन, मॅथ्यू क्यू. त्यांची मुंडकी कोर्टाच्या इमारतीवर खिळ्यांना टांगली होती. जमीनदारांची वंशावळ शोधावी लागत नाही, ती इस्टेटीच्या कागदांत आपसूक राहते. भाला घेऊन व्हिनेगर हिलवर, बंडातल्या मोठ्या लढाईच्या टेकडीवर, गेलेल्या कुळवाड्याचं तसं नाही. लष्करी कोर्टात त्याचा निकाल झटपट लागायचा आणि त्याचा कागद झालाच असेल याची खात्री नाही. (त्याच पुलावर २० जूनला बंडखोरांनी राजनिष्ठ कैद्यांना भाल्यांवर घेऊन नदीत फेकलं होतं. सासरे ही गोष्ट सांगताना तेवढा भाग गाळतात.)

मग कागद उरले कुठे? १९२२ च्या ३० जूनला, यादवी युद्ध पेटलेलं असताना, डब्लिनच्या न्यायालयाच्या इमारतीतलं, म्हणजे फोर कोर्ट्‌समधलं सार्वजनिक दप्तर स्फोटात उडून जळालं. १८२१ ते १८५१ च्या शिरगणतीतलं जवळजवळ सगळं त्यात गेलं. १८६१ ते १८९१ च्या गणत्या तर त्याआधीच सरकारने स्वतःच्या हाताने निकालात काढल्या होत्या, म्हणजे दोष एकट्या आगीचाही नाही. आगीतून वाचलं त्यात एक गंमत आहे. बंडाचे सरकारी कागद वाचले, कारण ते फोर कोर्ट्‌समध्ये नव्हतेच, डब्लिन कॅसलमध्ये राज्यकर्त्यांच्या नजरेखाली होते. आणि कॅथलिक वह्या वाचल्या, कारण तो सरकारमान्य धर्म नव्हता. राजाच्या चर्चच्या निम्म्याहून जास्त वह्या सरकारने सुरक्षित राहाव्यात म्हणून डब्लिनला मागवून घेतल्या आणि त्या जळाल्या. ज्यांना कुणी विचारलं नाही, त्या पाद्र्यांच्या कपाटात राहिल्या.

आमची साखळी मागे मागे जात १९०१ च्या शिरगणतीपासून १८६४ नंतरच्या जन्ममृत्यूच्या सरकारी नोंदींपर्यंत सहज गेली. त्याच्या मागचा दुवा मिळाला तो पेन्शनमुळे. १९०९ पासून सत्तरी गाठलेल्यांना पेन्शन मिळू लागली. जन्मदाखला नसेल तर १८४१ किंवा १८५१ च्या शिरगणतीत नाव शोधून वय ठरवायचे. त्या गणत्या पुढे जळाल्या, पण शोधाचे अर्ज राहिले. घरातल्या एका म्हातारीने पेन्शनचा अर्ज केला होता, म्हणून १८५१ चं अख्खं घर नावानिशी हाती लागलं. त्यात घरधनी म्हणून जो म्हातारा आहे, त्याचा जन्म बंडाच्या आसपासचा.

इथून पुढे फक्त बाप्तिस्म्याची वही. वेक्सफर्ड शहराच्या नोंदी १६७१ पासून आहेत, खेड्यांतल्या बऱ्याच वह्या मात्र एकोणिसाव्या शतकातच सुरू होतात. बंडात चॅपलंही जळाली. बुलावोगचं तर यीमनरीच्या, म्हणजे सरकारनिष्ठ स्थानिक पलटणीच्या, शिपायांनी पहिल्याच दिवसांत पेटवलं. आमच्या पॅरिशची वही नशिबाने आधीपासूनची निघाली. पडद्यावर पान उघडलं तर डावीकडचा निम्मा भाग काळा. ओल लागून पडलेला डाग आणि शाई, दोन्ही फिल्मवर सारख्याच करड्या रंगात उतरलेत. मुलाचं नाव लागलं, आईचं माहेरच्या आडनावासकट लागलं (तुमच्या जुन्या पाद्र्यांची ही पद्धत फार उपयोगाची), बाप्तिस्म्याला धर्मपालक म्हणून उभ्या राहिलेल्या दोघांचीही लागली. बापाचं नाव अर्धवट, वर्षाचा शेवटचा आकडा गायब. आणि आडनाव असं, की वेक्सफर्डात दगड मारला तर त्याच आडनावाच्या माणसाला लागेल.

एका पाद्रीबुवांनी मूळ वही टेबलावर ठेवून दिली. कातडी बांधणीची, कडा उंदरांनी कुरतडलेल्या. कागदावर डाग पिवळट होता आणि शाई तपकिरी. खिडकीपाशी नेऊन पाहिल्यावर डागाखालची ओळ आरामात वाचता आली. सन १७९९, जानेवारी. आणि बापाच्या नावापुढे तो मयत असल्याचं लिहिलेलं. फोनवर काढलेल्या साध्या फोटोतही ते दिसतं.

यातून फाशी सिद्ध होते असं मी म्हणत नाही. पोर जन्माला आलं तेव्हा बाप गेलेला होता, एवढंच. तापानेही गेला असेल. पण दोनशे वर्षांच्या ऐकीव गोष्टीला निदान एक तारीख मिळाली. याच बंडातला बेलफास्टचा पुढारी हेन्री जॉय मॅक्रॅकन याला १७ जुलै १७९८ रोजी फाशी झाली, तेव्हा त्याची अनौरस मुलगी त्याच्या बहिणीने, मेरी अ‍ॅनने, वाढवली. ही बहीण १८६६ पर्यंत जगली आणि भावाची आठवण जपत राहिली. म्हणून तिथे लेकीचा धागा तुटला नाही. अशी लिहितीवाचती आत्या कुळवाड्याच्या पोराला कुठून मिळणार? त्याच्यासाठी ही एक ओळ.

फोर कोर्ट्‌समध्ये जळालेल्या दप्तराच्या जगभर विखुरलेल्या नकला गोळा करून तुम्ही २०२२ मध्ये आभासी अभिलेखागार उभं केलंत. ट्रिनिटी कॉलेजच्या मंडळींचं ते काम मी रात्र रात्र वाचत बसते. त्याला सरकारने पैसा दिला, योग्यच केलं. पण जे जळलंच नाही ते ओल आणि उंदरांच्या हवाली आहे, आणि फिल्म आहे म्हणून काम झालं असं सगळ्यांनी धरून चाललंय. वह्यांची मालकी चर्चची आहे, तेव्हा बिशपांशी बोलणं तुम्हालाच करावं लागेल, ते एखाद्या सुनेला जमणारं नाही. काही पॅरिशांत चहा पाजून वही दाखवतात, तर काहींत ईमेलचं उत्तरसुद्धा येत नाही. सारं पाद्रीबुवांच्या मर्जीवर चालतं.

सुरुवात फर्न्सच्या धर्मप्रांतापासून करा, म्हणजे वेक्सफर्ड आधी येईल. १८२० च्या आधीच्या वह्या पहिल्यांदा घ्या, कारण सगळ्यात वाईट अवस्था त्यांची आहे. फोटोंबरोबर बाप्तिस्म्याला उभ्या राहिलेल्यांची नावंही शोधता येतील अशी सोय करा. बाप फासावर गेलेल्या पोराच्या वेळी कोण उभं राहिलं, काका की मामा की शेजारी, यावरून पुढचं पुष्कळ कळतं. आणि बिशप स्ट्रीटवरच्या राष्ट्रीय अभिलेखागारात बंडाचे जे कागद आहेत, त्यांतली नावं या वह्यांना जोडून द्या. ते काम वेळखाऊ आहे, मागाहून झालं तरी चालेल. वह्यांचं मात्र यंदाच्या अंदाजपत्रकात बसवा.

कळावे,
एक मराठी सून
काउंटी वेक्सफर्ड