फॉर्मेट न मारता कॉम्प्युटर सुरू करून देणाऱ्या भाऊंना

भाऊ, सप्रेम नमस्कार.

नाव लिहू नका असं तुम्ही बजावलं होतं, म्हणून लिहीत नाही. पण आभार चारचौघांसमोरच मानायचे होते. नागपूरच्या महालात आमच्यासारखी टायपिंगची आणि डीटीपीची (कॉम्प्युटरवर मजकूर मांडून देण्याची) दुकानं चालवणारे पुष्कळ आहेत. तुम्ही काय केलं, कसं केलं, ते त्यांनाही कळलं पाहिजे.

त्या मशीनमध्ये आमचं अख्खं दुकान आहे. पेजमेकर ७ हे पानं मांडायचं २००१ सालचं सॉफ्टवेअर, युनिकोडच्या (सगळीकडे सारखी चालणारी अक्षरं) आधीचे मराठी फॉन्ट, आणि त्या फॉन्टांत बसवलेल्या लग्नपत्रिका, प्रतिज्ञापत्रं, सिव्हिल लाइन्सच्या कोर्टात जाणारे वकिलांचे अर्ज. या फाइली दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडल्या की अक्षरांच्या जागी भलतीच चिन्हं दिसतात. त्यामुळे विंडोज नव्यानं टाकून फाइली कॉपी करणं आम्हाला परवडणारं नव्हतं. जुनी एक टीबीची हार्ड डिस्क मधूनमधून टकटक आवाज करू लागली होती. म्हणून ती जशीच्या तशी एसएसडीवर, म्हणजे नव्या वेगवान डिस्कवर, क्लोन (हुबेहूब नक्कल) करायला दिली. काम झालं म्हणून मशीन परत मिळालं, दुकानात लावलं, तर काळ्या स्क्रीनवर मेसेज की बूट करायला, म्हणजे सुरू व्हायला, डिस्कच सापडत नाही. क्लोन करणारे म्हणाले, फॉर्मेट मारावं लागेल, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्यानं टाकावं लागेल. आणखी एकानं मदरबोर्ड गेला म्हणून सांगितलं. आणि हे सगळं ऐन लग्नसराईत.

तुम्ही झेरॉक्ससाठी आला होता. माझा चेहरा पाहून विचारलंत आणि सगळं ऐकून घेऊन म्हणालात, “ताई, फॉर्मेटचं नाव नका काढू. आधी पाहू तर द्या जी.”

जुनी डिस्क कुठं आहे, हा तुमचा पहिला प्रश्न. ती तुम्ही कागदात गुंडाळली, वर पेनानं ‘हात लावू नये’ असं लिहिलं आणि कपाटात ठेवायला लावली. क्लोन केलेल्या दोन्ही डिस्कची ओळख सारखीच असू शकते; एकाच वेळी लावल्या तर विंडोज गोंधळतं किंवा एकीला ऑफलाइन टाकतं, हे मला तेव्हा कळलं. शिवाय आवाज करणारी डिस्क पुन्हा क्लोनला लावली तर ती सगळी पुन्हा वाचावी लागणार आणि मध्येच बसली तर मूळही हातचं जाणार. म्हणून जे करायचं ते नव्या डिस्कवरच, हे तुम्ही ठरवूनच बसला होता.

मग बायोस, म्हणजे मशीनची मूळ सेटिंग, उघडलं. एसएसडीचं नाव तिथं दिसत होतं, म्हणजे केबल ठीक, डिस्कही ओळखली जात होती. बूट मोड यूईएफआय, म्हणजे सुरू व्हायची नवी पद्धत. तुमच्या पेनड्राइव्हवरच्या विंडोजनं मशीन सुरू केलं, शिफ्ट आणि एफ१० दाबून कमांड लिहायची काळी खिडकी उघडली आणि डिस्कपार्ट या डिस्कची मांडणी दाखवणाऱ्या प्रोग्राममध्ये यादी काढली. एसएसडीसमोर जीपीटीच्या (डिस्क विभागायची नवी पद्धत) रकान्यात चांदणी होती. पण खाली पार्टिशन (डिस्कचा भाग) एकच, मोठं, आमच्या सगळ्या फाइलींचं. तुम्ही स्क्रीनवर बोट ठेवून म्हणालात, “हे पाहा, घर पूर्ण आहे, दारच नाही आणलं त्यांनी.”

यूईएफआयचं मशीन विंडोज थेट शोधत नाही. ते आधी एफएटी३२ या साध्या फॉर्मेटमधलं छोटंसं ईएफआय पार्टिशन पाहतं. बूट करणाऱ्या फाइली तिथं असतात. क्लोन करताना फक्त सी ड्राइव्ह उचललं गेलं होतं आणि हे पार्टिशन मागेच राहिलं होतं. डेटा एक अक्षरही हरवला नव्हता. हे ऐकल्यावर मी कितीतरी वेळानं खुर्चीत टेकले.

पुढचं काम तुम्ही घाई न करता केलं. मोठं पार्टिशन थोडं आक्रसून मोकळ्या जागेत २६० एमबीचं ईएफआय पार्टिशन बनवलं, एफएटी३२ मध्ये फॉर्मेट केलं, त्याला एस हे अक्षर दिलं. बीसीडीबूटची, म्हणजे बूट फाइली बनवायची, कमांड द्यायच्या आधी मात्र थांबलात. पेनड्राइव्हवरून सुरू केलं की ड्राइव्हची अक्षरं बदललेली असू शकतात, म्हणून डीआयआर (फोल्डरांची यादी दाखवणारी कमांड) लिहून विंडोजचं फोल्डर कुठं आहे ते पाहिलं. आमच्याकडे ते डी वर निघालं. मग डी वरच्या विंडोजसाठी एस वर बूट फाइली बनवायची कमांड दिली. फाइली तयार झाल्याची एक ओळ आली, पेनड्राइव्ह काढला, मशीन रीस्टार्ट केलं. पेजमेकर उघडलं, पत्रिका उघडली, ‘श्री गणेश प्रसन्न’ जागच्या जागी होतं.

जाता जाता तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत उतरवून घेतलं आहे. क्लोन करून घेताना सी ड्राइव्ह नाही, पूर्ण डिस्क म्हणून सांगायचं. जुनं विंडोज एमबीआर (विभागायची जुनी पद्धत) डिस्कवर लेगसी, म्हणजे सुरू व्हायच्या जुन्या, मोडमध्ये चालत असेल तर बायोसमधला मोडही तोच ठेवायचा. एएचसीआय आणि रेड (RAID) ही डिस्क कशी वाचायची ते ठरवणारी सेटिंग उगाच बदलायची नाही, नाहीतर निळी स्क्रीन येते. बिटलॉकर (डिस्कला कुलूप लावणारी विंडोजची सोय) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच लिहून ठेवायची. शेजारच्या दोन दुकानदारांनी त्या पानाचे फोटो काढून नेले.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे, की फॉर्मेटचा सोपा रस्ता समोर असताना तुम्ही आधी बिघाडाचं कारण शोधलंत, आणि प्रत्येक पायरीला “आता हे करतो, चालेल ना?” असं विचारलंत. मशीन माझं आहे, त्यातलं काम माझं आहे, हे त्या दुपारी फक्त तुमच्याच बोलण्यात होतं. त्या लग्नसराईतली एकही पत्रिका आमच्याकडून उशिरा गेली नाही. त्या घरांच्या वतीनंही तुमचे आभार मानते.

जुनी डिस्क महिनाभर पुसायची नाही असं म्हणाला होतात, तशीच ठेवली आहे. दर शनिवारी बाहेरच्या डिस्कवर बॅकअपही घेते. तुमचा पेनड्राइव्ह माझ्याच टेबलावर राहिला आहे. दुकान रात्री नऊपर्यंत उघडं असतं, सवडीनं येऊन घेऊन जा. येताना वहिनींनाही घेऊन या.

तुमची,
महालातली टायपिंगवाली ताई