बॅग गरम, पाठ गार

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत सायकल टूरच्या सामानावर आलेला लेख वाचला. स्लीपिंग बॅगेवर तीन परिच्छेद, आणि मॅटबद्दल एकच ओळ: ‘खाली अंथरायला एखादी मॅट असली म्हणजे झालं.’ त्या एका ओळीपायी हे पत्र लिहिते आहे. मी तीस वर्षं शिवणकाम करते. गेली अकरा वर्षं आम्ही नवरा-बायको सायकलवर तंबू बांधून आठ-पंधरा दिवसांच्या टूरला जातो. लेखात जो सल्ला दिलाय, तो मी स्वतः पाळून पाहिलेला आहे, आणि दोनदा फसले आहे.

पहिल्या टूरसाठी आम्ही दोघांनी एकसारख्याच बॅगा घेतल्या. वरच्या पिशवीवर ठळक आकडा होता, शून्य अंश. त्या रात्री बाहेर चारेक अंश असतील. नवरा घोरत होता आणि मी मोज्यांवर मोजे, कानटोपी, वर रेनकोट असा सगळा संसार अंगावर चढवून पहाटेची वाट बघत होते. सकाळी ‘तुला जरा जास्तच वाजते थंडी’ हेही ऐकून घेतलं. घरी आल्यावर बॅग उलटी केली. गिऱ्हाइकाचा कपडा हातात आला की आधी आतली पट्टी वाचायची, ही माझी रोजची सवय. नेमकी स्वतःच्या खरेदीला विसरले होते. तिथे एक नाही, तीन आकडे होते. कम्फर्ट ५, लिमिट ०, एक्स्ट्रीम उणे १५.

हे आकडे ज्या चाचणीतून येतात तिला पूर्वी ईएन १३५३७ म्हणत, आता आयएसओ २३५३७ म्हणतात. आतून तापवलेला पुतळा बॅगेत झोपवून उष्णता किती निसटते ते मोजतात. त्यावरून काढलेला कम्फर्टचा आकडा बाईचा: वय २५, वजन ६० किलो, उंची १६० सेंटिमीटर, निवांत पडलेली. लिमिटचा आकडा पुरुषाचा: ७० किलो, १७३ सेंटिमीटर, आणि तोही अंगाचं मुटकुळं करून कशीबशी रात्र काढणारा. एक्स्ट्रीमचा झोपेशी संबंधच नाही, जीव वाचला तर वाचला एवढाच त्याचा अर्थ. म्हणजे पिशवीवर मोठ्याने छापलेलं शून्य माझ्या नवऱ्याचं होतं. माझा आकडा पाच, आणि तोही पंचवीस वर्षांची असते तर. लेखातही ‘उणे पाचची बॅग पुरे’ एवढंच म्हटलंय. कुणाचं उणे पाच?

इथवर कळलं, पण शहाणपण अर्धंच आलं. मी जाऊन जाड बॅग घेतली, कम्फर्ट उणे तीनची. पुढच्या टूरला छातीवर घाम आणि पाठ, कंबर, खुबे बर्फ! कूस बदलली की नवी बाजू गार. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, आणि शिवणकाम करणाऱ्या बाईला तो इतक्या उशिरा पडावा याची अजून लाज वाटते. ऊब बॅगेत भरलेल्या पिसांत नसते, पिसांनी धरून ठेवलेल्या हवेत असते. अंगाखालची पिसं आपल्याच वजनाने चेपून कागदासारखी होतात, हवा निघून जाते. मग खालून जमीन तुमची ऊब ओढत राहते. बॅग कितीही भारी असो, पाठीखाली ती जवळपास नसल्यासारखीच. आणि तो चाचणीतला पुतळा? त्याच्याखाली मॅट घातलेली असते! बॅगेवरचा आकडा मुळात मॅट धरूनच काढलेला आहे.

माझी मॅट तेव्हा नुसती हवेची होती, आत अस्तर काही नाही. मोकळी हवा आतल्या आत फिरते आणि वरची ऊब खाली नेऊन सोडते. मॅट किती ऊब अडवते ते आर-व्हॅल्यूवरून कळतं. २०१८ पासून त्यासाठी एएसटीएम एफ३३४० ही सामायिक चाचणी आहे. त्याआधी जो तो आपल्या पद्धतीने मोजायचा. साध्या फोमच्या मॅटची आर-व्हॅल्यू दोनच्या आसपास असते, आत अस्तर असलेल्या फुगवायच्या मॅटची चार-पाच किंवा त्याहूनही जास्त. सोय अशी की दोन मॅट एकावर एक ठेवल्या की आकड्यांची सरळ बेरीज होते. मी हवेच्या मॅटखाली फोमची अंथरली आणि मुद्दाम जुनीच, पाचची बॅग घेऊन तशाच गारठ्यात झोपले. सकाळी नवऱ्याला मला हलवून उठवावं लागलं. ती जाड बॅग आता माळ्यावर आहे (मोकळी लटकवून, दाबून ठेवली की पिसांचा फुगवटा जातो).

सायकलवाल्यांसाठी आणखी एक. पाठीवर ओझं वाहणारा ग्रॅम मोजतो. आपल्याला वजन चढावर जाणवतं, पण जागा रोज सकाळी पॅनिअर, म्हणजे कॅरिअरच्या बाजूला टांगायच्या पिशव्या, भरताना. वीस लिटरच्या पॅनिअरमध्ये सिंथेटिक, म्हणजे कृत्रिम धाग्यांचं भरण असलेली बॅग अर्धी जागा खाते, पिसांची तेवढ्याच उबेची बॅग कोपऱ्यात बसते. मात्र पिसं भिजली की गोळे होतात, म्हणून ती तोंड गुंडाळायच्या वॉटरप्रूफ पिशवीतच हवी. माझी पिसांची आहे. नवऱ्याची आता सिंथेटिक, कारण तो घामेजल्या कपड्यांनिशी आत शिरतो. भिजली तरी ती थोडीफार ऊब धरते. फोमची मॅट कॅरिअरवर आडवी बांधायची. पाऊस लागला तर पुसायची, काटा टोचला तर टोचू दे.

हवेच्या मॅटला काटा परवडत नाही. एकदा रात्री दोन वाजता खुबा जमिनीला टेकला तेव्हा कळलं. भोक दिसेना, अखेर साबणाचा फेस फासत गेले, तर एका शिवणीशेजारी बुडबुडा धरला. नवऱ्याने हौसेने ट्यूबचा पॅच लावला, तो सकाळपर्यंत सुटलाही. मॅटबरोबर आलेल्या पट्ट्या घरी राहिल्या होत्या. त्या रात्रीही खालच्या फोमनेच निभावून नेलं.

पिसांची बॅग घेताना आत हात घालून ती उजेडासमोर धरा. टाका वरच्या कापडातून थेट खालच्या कापडात गेला असेल तर त्या रेघेवर पीस नाही, तिथून गारवा येणार. उन्हाळ्याला चालेल. चांगल्या बॅगेत दोन कापडांमध्ये आडव्या भिंती शिवलेल्या असतात. शिवणीतून पिसाचं टोक डोकावलं तर उपटू नका, पलीकडून चिमटीत धरून आत ओढा. उपटलं की भोक मोठं होतं आणि मागची पिसं रांगेने निघतात.

तेव्हा विनंती एवढीच, पुढच्या वेळी बॅगेचा आकडा छापाल तेव्हा तो कम्फर्ट की लिमिट हे शेजारी छापावं, आणि मॅटला तिच्या आर-व्हॅल्यूसकट एक अख्खा परिच्छेद द्यावा. नवऱ्याने हे पत्र वाचलं. ‘तरी तुला जरा जास्तच वाजते थंडी,’ म्हणाला.

आपली,
शिवणकाम करणारी एक सायकलस्वार वाचक