छपराचा अर्ज

प्रिय वसंता,
स. न. वि. वि.

गणपतीनंतर तुला एक ओळही लिहिली नाही, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या घाल. गुडघा आहे तसाच आहे आणि हिची साखर आटोक्यात आहे. पत्राचे कारण निराळे असून ते तुझ्याखेरीज कोणाला सांगण्यासारखे नाही.

निसर्ग वादळानंतर वाचनालयावर घातलेले पत्रे आता सांध्यांतून गळतात आणि पावसाळाभर कादंबऱ्यांचे कपाट भिंतीपासून चार हात पुढे ओढून ठेवावे लागते. शासनाचे परिरक्षण अनुदान, म्हणजे वाचनालय चालवण्यासाठी मिळणारी रक्कम, पगार, पुस्तके आणि नियतकालिके यांतच संपते. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय प्रतिष्ठानाकडे इमारतीसाठी मदत मागावी, तर संस्थेला स्वतःचा वाटा उभा करावा लागतो, आणि आपल्या मुंबई मंडळाची वर्गणी कशी गोळा होते ते तू जाणतोस.

अशात एका कंपनीच्या सामाजिक दायित्व निधीचा अर्ज हाती आला. २०१३ च्या कायद्याने मोठ्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के अशा कामांवर खर्चावे लागतात. त्यामुळे ३१ मार्च जवळ आला की त्यांनाही आपली आठवण होते. आयकराच्या बारा-ए आणि ऐंशी-जी नोंदण्या, असा निधी घेण्यासाठी लागणारा सीएसआर-१ चा क्रमांक, तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब, सारे मी जमवले. नानांच्या जागी नवा विश्वस्त घेतल्याचा बदल अर्ज धर्मादाय कार्यालयात नव्वद दिवसांत द्यायचा होता, तो मी दोन वर्षे विसरलो आणि परवा विलंबमाफीच्या विनंतीसह दाखल केला. ती चूक माझी एकट्याची. (कार्यवाहपद मला झेपणार नाही, असे तू १९८६ साली भर सभेत म्हणाला होतास, आता सुखी झालास ना?)

परंतु अर्जाच्या दुसऱ्या पानावर 'प्रत्यक्ष लाभार्थी' असा रकाना आहे, आणि तेथे माझा हात थांबला. देवघेव नोंदवहीत नियमित वाचक त्रेसष्ट आहेत. अध्यक्ष म्हणतात, चारशे लिहा, आणि अप्रत्यक्ष लाभार्थी म्हणून सबंध गाव धरा. ओट्यावर निजणारा कुत्राही धरायचा का, असे मी विचारले. कोणी हसले नाही. छप्पर गळते म्हणून माणसे येत नाहीत, आणि माणसे येत नाहीत म्हणून छपराला पैसे मिळायचे नाहीत, हे त्या रकान्यात कोठे लिहावे?

समितीला वाटते, मी उगाच सोवळेपणा करतो आहे. वाचनालयाचा सरकारी वर्ग, आणि त्याबरोबर अनुदान, वाढवून घेण्याच्या तपासणीआधीची ती रात्र त्यांना कोठे ठाऊक आहे! कंदील, दोन रंगांच्या शाया, आणि देवघेव नोंदवहीत वर्षापूर्वी वारलेल्या तात्या खोतांच्या नावावर चढवलेले ते लोणच्यांचे पुस्तक! ते तूच चढवलेस, मी नव्हे. यावर चाळीस वर्षे भांडलो तरी मी हटणार नाही. तपासनीस साहेबांनी नेमके तेच पान उघडले, आणि तू त्या वेळी खोकत बाहेर निघून गेलास. आपला 'क' वर्ग त्या रात्रीचा आहे, वसंता. तो मिळाल्यामुळे पुढे पुस्तके आली, ग्रंथपालाचा पगार वाढला, हेही खरे. म्हणूनच त्रेसष्ट लिहिताना मला साधूपणाचा आव आणता येत नाही, आणि चारशे लिहिताना तात्या समोर येऊन बसतात.

शिवाय कंपनीचे लोक पाहणीला येणार आहेत. चारशे माणसे मी कोठून आणू? होळीला चाकरमानी येतील तेव्हा पाहणी ठेवावी, असेही अध्यक्षांनी सुचवून झाले आहे.

तुझ्या थोरलीचे लग्न ठरल्याचे कळले, फार आनंद झाला, तारीख कळव. डोळ्याचे ऑपरेशन पुढे ढकलू नकोस.

अर्ज शुक्रवारी दापोलीहून पाठवायचा आहे. तो रकाना कोरा ठेवून बाकीची पाने भरली आहेत. गुरुवारी रात्री फोन कर, आणि या खेपेस खोकू नकोस.

तुझा,
बाळा