जर्मनीची वाट सातबाऱ्यापाशी अडते

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पदवीनंतर शिक्षण आणि नोकरीसाठी परदेशी जाणाऱ्या मुलांविषयी आपल्या दैनिकात अलीकडे आलेला मजकूर वाचला. भाषेची तयारी, प्रवेश आणि शिष्यवृत्त्या यांची माहिती त्यात चांगली होती. मात्र मराठवाड्यातल्या शेतकरी घरातली मुले ज्या ठिकाणी प्रत्यक्षात अडतात, त्या बँकेच्या तारणाविषयी त्यात एक ओळही नव्हती. मी सेलू तालुक्यातला निवृत्त माध्यमिक शिक्षक आहे. मुलीच्या प्रवेशापायी जवळजवळ दीड वर्ष बँकेच्या पायऱ्या झिजवल्यानंतर या एका मुद्द्यावर लिहावेसे वाटले.

मुलीने परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातून पदवी घेतली आणि तिला जर्मनीत श्टुटगार्टच्या होहेनहाइम विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासाला प्रवेश मिळाला. 1816 साली युरोपात उन्हाळा असा पडलाच नाही, पिके बुडाली, उपासमार झाली आणि त्यानंतर 1818 मध्ये व्युर्टेम्बर्गच्या राजाने जी शेतकी शाळा काढली तिचेच पुढे हे विद्यापीठ झाले. परभणीचे विद्यापीठ 1972 चे, म्हणजे आमच्या पिढीने ज्या दुष्काळात खडी फोडणारी माणसे पाहिली त्या वर्षाचे. हा योगायोग मुलीनेच मला सांगितला आणि तिला तिथेच जायचे होते.

जर्मनीत शिक्षण फुकट असते, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. बहुतेक राज्यांतली सरकारी विद्यापीठे शिकवणी शुल्क घेत नाहीत. होहेनहाइम ज्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात आहे तिथे मात्र युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्याला सत्राला 1,500 युरो भरावे लागतात. खरा भार वेगळाच असतो. व्हिसा मागताना वर्षभराच्या खर्चाचे 11,904 युरो तिकडच्या गोठवलेल्या खात्यात, म्हणजे ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये आधीच भरलेले दाखवावे लागतात आणि मग त्यातून दरमहा 992 युरो विद्यार्थ्याच्या हाती पडतात. युरो नव्वद रुपयांचा धरला तरी ही रक्कम साडेदहा लाखांच्या वर जाते. त्यात शुल्क, विमा, विमानाचे तिकीट आणि कागदपत्र पडताळणीच्या ‘एपीएस’ प्रमाणपत्राचे 18,000 रुपये मिळवले की आकडा पंधरा लाखांच्या आसपास पोहोचतो.

आता बँकांचा नियम पाहा. शैक्षणिक कर्ज साडेसात लाखांपर्यंत असेल तर स्थावर तारण लागत नाही, त्यापुढे लागते. म्हणजे ज्या देशात शिक्षण जवळजवळ मोफत आहे, तिथे जाण्यासाठीसुद्धा आमच्या मुलांना तारणाची रेषा ओलांडावीच लागते.

आमच्याकडे दुधनेच्या कालव्याखालची आठ एकर काळी जमीन आहे. तिचा सातबारा आणि आठ-अ घेऊन मी शाखेत गेलो, तेव्हा व्यवस्थापकांनी नम्रपणे कागद परत केले. शेतजमीन शैक्षणिक कर्जाला चालत नाही, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी न्यायालयात न जाता तारण जप्त करण्याचा अधिकार बँकांना देणारा जो 2002 चा सरफेसी कायदा आहे, त्याच्या कलम 31 ने शेतजमीन त्यातून वगळली आहे. ही तरतूद शेतकऱ्याच्या बाजूची आहे आणि ती काढून टाका असे मी म्हणणार नाही; उद्या मुलीला नोकरी मिळाली नाही म्हणून बापाची जमीन लिलावात निघावी, हे कोणालाच परवडणारे नाही. पण त्याच शाखेत, त्याच सातबाऱ्यावर दर खरिपाला पीक कर्जाचा बोजा चढतो, हेही मी त्यांना दाखवले. त्यावर ते फक्त हसले.

गावातले घर दाखवले, तर ते गावठाणातले, माळवदाचे, म्हणजे मातीच्या सपाट छताचे. ग्रामपंचायतीचा नमुना आठ आहे आणि 2020 मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेखाली ड्रोनने मोजणी होऊन त्याची मिळकत पत्रिकाही हाती आली आहे. अशा घरांवर कर्ज मिळावे, हा त्या योजनेचा एक जाहीर हेतू होता. प्रत्यक्षात मूल्यांकनासाठी आलेल्या गृहस्थांनी, माळवदाच्या घराला लिलावात गिऱ्हाईक मिळत नाही, असे सांगून विषय संपवला. राहिला सेलूतला प्लॉट. तो गुंठेवारीतला, नोंदणीकृत खरेदीखत न करता नुसत्या बाँड पेपरवर घेतलेला. तीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवलेल्या माणसाने असा व्यवहार केला होता, हे सांगताना आजही संकोच वाटतो, आणि त्याबद्दल मी बँकेला दोष देत नाही. तथापि मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी चौकशी केली, तर नोकरदारांचे अर्धेअधिक प्लॉट याच प्रकारचे निघतील, असा माझा अंदाज आहे.

ऑक्टोबरात सुरू होणारे हिवाळी सत्र या धावपळीत हातचे गेले आणि मुलीला पुढच्या वर्षी सगळे अर्ज नव्याने करावे लागले. खासगी वित्त कंपनी विनातारण कर्ज द्यायला तयार होती, परंतु आम्हाला सांगितलेला दर राष्ट्रीयीकृत बँकेपेक्षा तीन टक्क्यांनी जास्त होता आणि व्याजाचा हप्ता शिक्षण चालू असतानाच सुरू होणार होता; बँकेत मात्र अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्ता नसतो. शेवटी तिच्या मामाने छत्रपती संभाजीनगरमधली आपली सदनिका गहाण ठेवली. ज्या मुलीला असा मामा नाही, तिने काय करावे?

शिष्यवृत्त्या आहेत, हे मान्य. अनुसूचित जातींसाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची आणि मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी ‘सारथी’ची, अशा राज्याच्या योजनांत प्रत्येकी 75 जागा आहेत, पण विद्यापीठ ‘क्यूएस’ या जागतिक विद्यापीठ क्रमवारीत पहिल्या दोनशेत असावे लागते. केवळ शेतीच्या अभ्यासासाठी नावाजलेली होहेनहाइमसारखी विद्यापीठे सर्वसाधारण क्रमवारीत तिथवर येत नाहीत. काही बँका निवडक परदेशी विद्यापीठांसाठी विनातारण कर्ज देतात, त्यांच्या याद्याही याच धर्तीच्या असतात. अल्पसंख्याक विद्यार्थ्यांना व्याजात सवलत देणारी केंद्राची ‘पढो परदेश’ योजना तर 2022-23 पासून बंदच झाली.

‘सारथी’च्या त्या शिष्यवृत्तीला महाराजा सयाजीराव गायकवाडांचे नाव आहे. 1913 मध्ये त्यांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात पाठवले, तेव्हा मोबदल्यात दहा वर्षे बडोदा संस्थानची चाकरी करण्याचा करार लिहून घेतला होता. हमी माणसाच्या पुढच्या कामाची होती, बापाच्या मिळकतीची नव्हती. मुले जातात ती परत येत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना हेही आठवावे की त्याच विद्यार्थ्याने 1950 मध्ये औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय उभे केले. सगळेच परततील असे नाही. माझी मुलगी परतेल की नाही, हे मलाही ठाऊक नाही. पदवीनंतर नोकरी शोधण्यासाठी तिथे 18 महिने राहता येते आणि ती ते वापरणार, हे तिने मला स्पष्ट सांगितले आहे. कर्ज फेडायचे तर तिने तसे करणेच शहाणपणाचे आहे.

म्हणून माझी मागणी मर्यादित आहे. याच बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी महाराष्ट्र शासनाने 2024 मध्ये कुशल मनुष्यबळ पाठवण्याचा करार केला आणि त्यासाठी जर्मन भाषेचे वर्ग शासनाच्या खर्चाने काढण्याचे ठरवले. वाहनचालक, परिचारिका, वीजतंत्री यांच्यासाठी शासन त्या राज्याशी बोलणी करू शकत असेल, तर तिथल्या सरकारी विद्यापीठात प्रवेश मिळालेल्या विद्यार्थ्याच्या साडेसात ते वीस लाखांच्या कर्जाला हमीदार म्हणून उभे राहणेही त्याला अशक्य नाही. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जांना केंद्राचा पतहमी निधी, म्हणजे कर्ज थकल्यास बँकेला हमी देणारा निधी, आजही आहे. त्याचीच मर्यादा वाढवून घेता आली तरी काम भागेल. खरिपाआधी पतपुरवठ्याचा आराखडा ठरवण्यासाठी राज्यस्तरीय बँकर्स समितीची बैठक मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली होत असते. मराठवाड्यातल्या आमदारांनी या वर्षीच्या बैठकीपूर्वी हा विषय मुख्यमंत्र्यांकडे लेखी मांडावा आणि स्वामित्वची मिळकत पत्रिका तारण म्हणून किती शाखांनी स्वीकारली, याची जिल्हावार माहितीही त्याच बैठकीत मागावी.

आपला,
एक निवृत्त शिक्षक, ता. सेलू, जि. परभणी